बोलपटांतील मौन

बोलपट म्हटला कीं नायक-नायिकांचे संवाद आलेच. परंतु ज्यांत नायक एक शब्द बोलत नाहीं आणि नायिकाहि बोलत नाहीं, अशा एका जपानी चित्रपटाविषयीं आज मला सांगावयाचें आहे. १९९१ सालीं निघालेल्या या चित्रपटाचें नांव 'आनो नात्सु, इचिबान शिझुकाना उमि'. म्हणजे 'तो उन्हाळा, सर्वांत शांत समुद्र'. दिग्दर्शक ताकेशी कितानो हे जपानांत विनोदी नट म्हणून घरोघर ठाऊक. त्यांचे आधींचे दोन्ही चित्रपट गुन्हेगारीचे व हाणामारीचे होते. तिसरा हा असा निघाला.

कथा अगदीं साधी. शिगेरू हा बहिरा तरुण कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. एके दिवशीं कचऱ्यांत त्याला लाटांवर स्वार होण्याची एक मोडकी फळी सांपडते. ती दुरुस्त करून तो समुद्रावर जातो. त्याची प्रेयसी ताकाको, तीहि बहिरीच. तो पाण्यांत पडत-उठत असतां ती वाळूंत बसून राहते आणि त्याच्या कपड्यांच्या घड्या करून ठेवते. प्रेमाची याहून मोठी कबुली चित्रपटांत नाहीं, आणि हवी असेंहि वाटत नाहीं. एकदां फळीमुळें त्याला बसमध्यें घेत नाहींत. ती एकटी पुढें जाते. गाडी रिकामी होते, तरी ती उभीच. आणि अखेर उतरून त्याच्याकडे धांवत सुटते. जो हिसाइशी यांचें संगीत आणि लाटांची गाज आपल्याला ऐकूं येते. त्या दोघांना दोन्ही नाहीं.

पुढें शिगेरू स्पर्धेस उतरतो. ध्वनिवर्धकावरून त्याचें नांव पुकारलें जातें. तो तेथेंच बसलेला असतो. त्याला ऐकूं येत नाहीं, कोणी खुणावीत नाहीं, आणि त्याची पाळी निघून जाते.

श्रोतेहो, हें दृश्य पाहून मी खालीं मान घातली. मी शाळामास्तर होतों. माझ्या वर्गांत मागच्या बांकावर बसणारा एक मुलगा हजेरीला उत्तर देत नसे. मीं त्याला उर्मट ठरविलें आणि अनेकदां बांकावर उभें केलें. सहामाहीच्या सुमारास त्याची आई आली. म्हणाली, "गुरुजी, तापानंतर त्याला ऐकूं येत नाहीं हो. तुम्हांला सांगायला तो लाजतो." दुसऱ्या दिवशीं मीं त्याला पुढच्या बांकावर आणलें, पण गेलेले ते महिने कोठून आणणार?

शिगेरू सराव सोडीत नाहीं. फळी विकणारा दुकानदार त्याला पाण्यांत घालावयाचा पोशाख देतो, हंसणारे ओळखीचे होतात, आणि दुसऱ्या स्पर्धेत त्याला बक्षीसहि मिळतें. शेवट दुःखाचा आहे. एके दिवशीं ताकाकोला फळी तेवढी सांपडते. ती त्या फळीवर दोघांचें छायाचित्र चिकटविते आणि ती समुद्राला परत देते. रडणें नाहीं, भाषण नाहीं.

ज्यांच्याविषयीं मी बोललों त्यांना हें भाषण ऐकूं आलेलें नाहीं. छापून आल्यास तें त्यांना वाचतां येईल. ऐकणाऱ्यांना मात्र एवढेंच विनवितों: नांव पुकारल्यावर कोणी उठला नाहीं, तर त्याला गैरहजर लिहिण्यापूर्वी एकदां जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा.