कलपाच्या पुडीवर काय लिहिले आहे ?



कामशेतला किंवा लोणावळ्याला केसांच्या कलपाची पुडी सहज मिळते. लग्नसराई आली की आपण ती आणतो. डोके झाले, मिशी झाली, की उरलेला कलप भुवयांना फासतो. वाया कशाला घालवायचा ?

पण थांबा. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचे द्रव्य असते. अशा पुडीवर इशारा छापावाच लागतो : हा रंग पापण्यांना व भुवयांना लावू नये, डोळे जाण्याचे भय आहे.

हे उगाच छापलेले नाही. १९३३ साली अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याचा एक रंग विकला जाई. त्यातही हेच द्रव्य होते. त्याने एका बाईची दृष्टी गेली. तेव्हा तिथे असल्या मालाला कायद्याचा धाक नव्हता. तो कायदा १९३८ साली झाला.

पुढे १९४४ साली ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने तपासणीची एक रीत घालून दिली. सशाच्या एका डोळ्यात माल घालायचा, दुसरा तसाच ठेवायचा. मग डोळा लाल होतो का, बुबुळावर सारा येतो का, हे रोज पाहायचे. माणसाची काळजी घेतली, पण मुका जीव हाल सोसत राहिला. आपल्या देशात २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची अशी तपासणी जनावरांवर करायला बंदी झाली. आता माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून पातळ पापुद्रा तयार करतात आणि त्यावर माल तपासता येतो.

तरीही एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसेलच असे नाही. म्हणून आधी कानामागे थोडा कलप लावा. २४ तास वाट पाहा. खाज सुटली, सूज आली, तर तो कलप वापरू नका. भुवयांना, पापण्यांना तर कधीच नको. डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. दूध, मध, तूप घालू नका. स्वच्छ पाण्याची धार १५-२० मिनिटे धरा आणि लगेच डॉक्टर गाठा.

हा इशारा स्थानिक भाषेतही छापावा, असा नियम आहे. आता आपल्याला अक्षर येते. तेव्हा पुडी उलटसुलट करून तो शोधा. सापडला नाही तर दुकानदाराला विचारा. आणि घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.