ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर



डहाणू, घोलवड, बोर्डीकडे इराणी म्हटलं की आधी चिकूची वाडी आठवते. मुंबईकराला आठवतं कोपऱ्यावरचं हॉटेल, ब्रून मस्का आणि चहा. माणसं एकाच समाजाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर इराणच्या यझ्द, केरमान भागांतून झरतुष्ट्री कुटुंबं इकडे आली. कुणी मुंबईत चहाचं दुकान थाटलं, कुणी आपल्या किनाऱ्यावर जमिनी घेऊन बागा लावल्या. या भागातल्या जमीनदारांच्या वाड्या वारली आदिवासींच्या कष्टावर उभ्या राहिल्या आणि 1945 साली तलासरीतल्या झरीला त्या कष्टकऱ्यांनी वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला, हेही सांगायलाच हवं.

आज मात्र मला मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया अँड कंपनी’च्या बोमन कोहिनूर यांच्याविषयी बोलायचं आहे. हॉटेल काढलं त्यांच्या वडिलांनी, रशीद कोहिनूर यांनी, 1923 साली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करानं ती जागा ताब्यात घेतली, ती पुढं परत मिळाली. मूळ पुरुष वडीलच; पण पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या लेखी ब्रिटानिया म्हणजे बोमनच.

नव्वदी उलटली तरी हा माणूस गल्ल्याला चिकटून बसला नाही. दुपारच्या ऐन गर्दीत, पाठीत वाकलेला, टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः ऑर्डर घ्यायचा. आधी विचारपूस, कुठून आलात, काय घेणार. मग लिंबू सोड्याची शिफारस. आणि गिऱ्हाईक जरा रमलं की जपून ठेवलेलं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक पत्र बाहेर यायचं. इंग्लंडच्या राणीकडून आलेलं! 2016 साली राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा त्यांना भेटायची या आजोबांची हौसही पुरी झाली.

तिथला बेरी पुलाव मात्र त्यांच्या पत्नीची, बचान यांची देणगी. इराणात राहत असताना त्यांनी हा पदार्थ पाहिला आणि परतल्यावर त्याला इथल्या जिभेला रुचेल असा मसाला दिला. भाताखाली मटण किंवा चिकन, वर तळलेला कांदा, काजू आणि इराणहून येणारी लालचुटूक, आंबट बेरी, म्हणजे झरश्क. त्या आंबटपणामुळे तुपकट भात जड होत नाही. माझ्या मते सगळी करामत त्यातच आहे.

जुन्या इराणी हॉटेलांनी मुंबईला नुसता चहा पाजला नाही. कारकून, हमाल, कॉलेजची पोरं, जात-धर्म न विचारता सगळ्यांना एका छपराखाली बसवलं. ज्या काळात ते सहजी होत नव्हतं, त्या काळात बसवलं. बोमन त्या परंपरेतले.

25 सप्टेंबर 2019 रोजी, वयाच्या 97व्या वर्षी ते गेले.

श्रोतेहो, आपल्या डहाणू-तलासरीतही नाक्यानाक्यावर, हायवेच्या कडेला, स्टेशनाबाहेर जुनी हॉटेलं आहेत. त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मालकाशेजारी घटकाभर बसा. पहिली भट्टी कुणी पेटवली, ते विचारा आणि लिहून ठेवा. ते सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.