नळाखालचा खड्डा



 अधिवेशनाच्या अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापलेला आहे, सवडीनं वाचा. मला दुसरंच बोलायचंय. बरीच वर्षं पोटात आहे.

आपण लोणावळ्यात बसलो आहोत. इथल्या तलावांचं पाणी टाटांच्या नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं, १९१५ पासून. पाचशे मीटरहून जास्त हेड, म्हणजे खाली पन्नास किलोचा दाब! आणि मावळातल्या चढावरच्या आळीत नळाला सात मीटर मिळावेत म्हणून आपण मेटाकुटीला येतो.

माझी तक्रार आपल्या पाणीपुरवठ्याच्या मॉडेलांविषयी आहे. हार्डी क्रॉसनं १९३६ साली पाइपांची जाळी हातानं सोडवायची रीत दिली. १९९३ साली तेच काम करणारी एपानेट ही संगणकप्रणाली आली, तीही फुकट. आता प्रत्येक प्रकल्प अहवालाला रंगीत नकाशा जोडलेला असतो. पण त्यात प्रत्येक जंक्शनची, म्हणजे पाइप जिथं जुळतात त्या बिंदूची, मागणी आधीच ठरलेली. दाब असो-नसो, पाणी निघालंच असं धरून गणित पुढं जातं. मग टोकाला उणे वीस मीटर दाब दिसतो आणि सल्लागार पाइपचा व्यास वाढवून मोकळा होतो. दाबच नाही तर पाणी निघेल कसं? नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातले प्रा. पी. आर. भावे यांनी दाबाप्रमाणे पाणी किती निघेल याचं गणित १९८१ सालीच मांडून ठेवलंय. एपानेटमध्ये ती सोय २०२० साली, २.२ आवृत्तीत आली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. अहो, एकोणचाळीस वर्षं नागपूर काय नकाशावर नव्हतं?

पुरवठ्याच्या तासांचंही तेच. डिझाइन करताना सरासरीच्या फार तर तिप्पट प्रवाह धरायचा आणि पाणी सोडायचं दोन तास. दिवसाचं पाणी दोन तासांत म्हणजे सरासरीच्या बारा पट, डिझाइनच्या चौपट. हेझन-विल्यम्सच्या सूत्राप्रमाणे घर्षणातली घट प्रवाहाच्या १.८५ व्या घातानं वाढते. चौपट प्रवाहाला तेरा पट घट. जिथं दोन मीटर जायचे तिथं सव्वीस जातात. चढावर उरणार काय?

सकाळच्या सत्रात चोवीस तास पाणी की ठरावीक वेळ, यावर खडाजंगी झाली. मी एक पाहिलेलं सांगतो. मावळातलंच एक गाव. कागदावर शेवटच्या आळीला बारा मीटर दाब. जाऊन बघतो तर दारोदार नळाखाली खड्डे, नळ जमिनीच्या खाली तोडलेला आणि बाई आत उतरून हंडा भरतेय. आळीनं जंक्शनची उंची मीटरभर कमी केली होती. फाइलीत ती सर्व्हेतलीच. वरच्या आळीत नळाला थेट मोटर. मोटर लागली की लाइनमधला दाब उणे, आणि गळका जोड शेजारचं गटार आत ओढतो. मॉडेलमधला उणे दाब खोटा असतो. हा खरा होता, आणि यानं कावीळ होते. ठरावीक वेळेची वकिली करणाऱ्यांनी त्या खड्ड्यात उतरून बोलावं. चोवीस तास दिलं तर लोक नासाडी करतील म्हणता? कराडजवळच्या मलकापूरला जाऊन या, मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंय तिथं.

लोणावळ्याचं तर आणखी निराळं. शनिवारची मागणी सोमवारी नसते. बंगल्यांच्या जमिनीतल्या टाक्या आधी भरतात, कारण त्या खाली आहेत आणि त्यांची तोंडं मोकळी आहेत. हे कुणाच्या मॉडेलमध्ये असेल तर मला दाखवा, मी चहा पाजतो.

पुढच्या अधिवेशनापर्यंत काहीतरी करू. टोकाच्या नळांवरच्या दाबाच्या नोंदी एका जागी जमा व्हायला हव्यात. कुणी ठेवायच्या, पैसे कुठून आणायचे, ते कार्यकारिणी बघेल. उद्याच्या निबंधसत्रात मात्र जो कुणी रंगीत नकाशा लावेल, त्याला मी उठून विचारणार आहे : व्हॉल्व्ह किती वाजता उघडला होता, आणि शेवटच्या नळाला गेज कधी लावला? तयारीनं या.