आकाशाचा दोर

विज्ञानकथेतील कोणते यंत्र प्रत्यक्षात यावे, असे विचारले तर बहुतेक जण कालयंत्र मागतील. मी अंतराळ-उद्वाहक मागेन. आर्थर क्लार्क यांनी १९७९च्या कादंबरीत तो श्रीलंकेवर बेतलेल्या बेटावर उभारला. विषुववृत्तावरून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेपर्यंत, आणि तोल साधण्यासाठी त्याही पलीकडे, ताणलेला दोर! अग्निबाणाचे बहुतांश वजन इंधनाचेच असते. हा पाळणा मात्र विजेवर चढेल. घोडे अडते ते दोरापाशी. पोलादी दोर स्वतःच्याच भाराने तुटेल. आशा आहे ती कार्बनच्या सूक्ष्मनलिकांची. पण २०१३मध्ये चिनी संशोधकांनी विक्रमी म्हणून वाढविलेली नलिकाही जेमतेम अर्ध्या मीटरची होती. हे काम पदार्थविज्ञानाचे आहे, आणि आपले बुद्धिमान विद्यार्थी तर संगणकाच्या रांगेत उभे आहेत.