बालमनातील भय आणि घराने दिलेली सूट



बालकाला भय वाटणे हा रोग नव्हे. आठ-नऊ महिन्यांचे मूल परका चेहरा दिसताच आईच्या पदराआड होते, तेच मूल पुढे अंधाराला भिते आणि चौदाव्या वर्षी चारचौघांच्या हसण्याला. हा वाढीचाच क्रम होय. परंतु जे भय वयाबरोबर ओसरत नाही आणि निद्रा, शाळा व मैत्री यांवर आपला अंमल बसविते, त्यास चिंताविकार म्हणणे प्राप्त आहे. तो पुष्कळदा सोमवारच्या पोटदुखीचा वेश घेऊन येतो, किंवा घरी अखंड बडबडणारी मुलगी वर्गात महिनोन्महिने अवाक्षर काढीत नाही, अशा रूपाने प्रकटतो. आणि आपण ओवा देतो, दृष्ट काढतो, नाहीतर आळशी म्हणून तिची हजेरी घेतो.

असे भय मुद्दाम शिकविताही येते. १९२० साली मानसशास्त्रज्ञ वॉटसन व रेनर यांनी अल्बर्ट नामक तान्ह्या बालकाच्या मनात पांढऱ्या उंदराचे भय बुद्ध्या उत्पन्न केले, आणि त्याचे निवारण होण्यापूर्वीच ते बालक तेथून गेले. या उद्योगास शास्त्र म्हणताना माझी जीभ कचरते. त्याचे परिमार्जन म्हणावे असे कार्य १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या विदुषीने केले. उपदेश, उपहास आणि 'कालांतराने विसरेल' हा भरवसा, हे आपले तिन्ही घरगुती इलाज त्यांना कुचकामी आढळले. पीटर नावाचे सुमारे तीन वर्षांचे मूल सशाला भीत असे. ते आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातला ससा थोडथोडा जवळ आणावयाचा, आणि न भिणारी मुले शेजारी खेळू द्यावयाची, अशी त्यांची तजवीज होती. मध्यंतरी आजारपणाने खंड पडला, त्यातच एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि मिळविलेले सारे गेले. तरीही पुन्हा प्रारंभ झाला, आणि अखेरीस पीटरने सशाला आपली बोटे कुरतडू दिली.

यातील मर्म असे की, भयापासून पळताच जी सुटका लाभते तीच भयाला पोसते. आज शाळेला माफी, उद्या स्नेहसंमेलनाला. खटला सुनावणीस न येता नुसती पुढची तारीख पडावी, तसे त्या भयाचे खरेखोटे कधी ठरतच नाही. अर्थात मास्तरांची छडी किंवा सोबत्यांचा जाच खरोखरच असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त व्हावा. त्या जाचात धैर्याचे धडे देणे हा निव्वळ जुलूम आहे.

२००८ साली अमेरिकेत चिंताविकार असलेल्या सात ते सतरा वर्षांच्या ४८८ मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांअखेर, विचार व वर्तन यांवरील उपचार आणि सर्ट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के, केवळ उपचाराने ६०, केवळ औषधाने ५५, तर नुसत्या लटक्या गोळीने २४ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. औषध वैद्याच्याच सल्ल्याने द्यावयाचे, हे सांगणे नलगे.

परंतु मला अधिक विचारार्ह वाटतो तो येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ व त्यांचे सहकारी यांचा २०२० चा प्रयोग. त्यात एका गटातील मुलांना उपचारास बोलाविलेच नाही. केवळ आईबापांना शिकविले की, 'तुला भीती वाटते हे मला कळते, आणि तू ती निभावशील' असे म्हणावे, आणि आजवर दिलेल्या सवलती आगाऊ सांगून एकेक काढून घ्याव्या. त्या मुलांची सुधारणा प्रत्यक्ष उपचार घेतलेल्यांच्या तोडीस तोड निघाली.