तळे खोदले, राखायचे कोणी?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शेततळे कसे खोदावे हे सांगायला आम्ही उभे नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, खोदाईला ५० हजारांपर्यंत अनुदान मिळाले, पोकलेन गावोगाव फिरले. खोदणे आपण शिकलो. खोदल्यावर बाराही महिने तळ्याकडे बघावे लागते, हे मात्र ठेचा खाऊन शिकतो आहोत.

आधी हिशेब. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार. असे तळे काठोकाठ भरले तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. वरचा पसारा ९०० चौरस मीटर. म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की ९०० लिटर गेले. एप्रिल-मेच्या उन्हावाऱ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उतरणे नवलाचे नाही. भरल्या तळ्यातून रोज ७ हजार लिटरच्या वर पाणी जाते, ना पिकाला ना जनावराला.

म्हणून हिवाळ्यात विहीर उपसून तळे भरणाऱ्यांना आम्ही विचारतो, जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हात का आणता? उत्तर ठरलेले : ‘मी नाही उपसले तर शेजारी उपसेल, आणि वीज रात्रीची.’ उत्तर खोटे नाही. आमच्यातही असे भरणारे आहेत. तरी दोन्हीकडे पाणी असेल तर आधी तळ्याचे वापरा, विहिरीला विसावा द्या. ज्याची विहीर मार्चात आटतेच, त्याने उलटे करावे.

कागदाची तपासणी मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर. ५०० मायक्रॉनचा कागदही घुशीच्या दातापुढे टिकत नाही. बांधावरची बिळे बुजवा, काटेरी झुडपे मुळासकट काढा. भोक पडले तर डिंक लावून भागत नाही, गरम हवेच्या मशीनने तुकडा जोडून घ्या. तळे कधी कोरडे ठाक करू नका. फूटभर पाणी ठेवा, नाहीतर वारा कागदाखाली शिरून तो उचलतो. ओढ्याचे पाणी घेत असाल तर तोंडाशी गाळ बसायला खड्डा हवाच, आणि जादा पाण्याला सांडवा.

शेवाळाची तक्रार सगळ्यांची. खताचे पाणी तळ्यात उतरले, वर ऊन मिळाले, की शेवाळ माजते आणि ठिबकची छिद्रे बुजतात. फूटव्हॉल्व्ह तळाशी टाकू नका. रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याच्या वरच्या थराखाली दोनेक फुटांवर लोंबता ठेवा. खालचा गाळही येत नाही, वरची सायही येत नाही. मोरचूद हात सैल सोडून टाकणाऱ्यांनी मासे गमावलेत. शेवाळ एकदम मेले तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागले तर पंप सुरू करून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे तळ्यात सोडा.

आता जे सांगायचे ते पाण्याचे नाही. कागदावर बारीक शेवाळ चढले की तो साबणासारखा होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. पाय टेकतो, घसरतो, पुन्हा टेकतो, दमतो. शेळ्यामागे गेलेले पोर, मोटर बघायला गेलेला बाप, त्याला काढायला उतरलेला भाऊ. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. कुंपणाला पैसे नाहीत म्हणता? कागदाला होते.

कुंपण आणि कुलूप लावलेले फाटक झालेच पाहिजे. तोवर निदान चारही बाजूंना दोर सोडा. उतारावरची लांबी सव्वाचार मीटर भरते. बांधापलीकडची खुंटी आणि गाठी धरून एकेक दोर ७ मीटरचा घ्या. दर फुटाला गाठ. दोर तळापर्यंत गेला पाहिजे, कारण पाणी कमी असतानाच माणूस जास्त खोल अडकतो. हवा भरलेली ट्यूब काठाला बांधून ठेवा. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका, ट्यूब फेका. उन्हाने नायलॉन कुजतो, म्हणून दोर दरवर्षी बदला.

बैठक संपल्यावर मांडवामागे गाठी मारून दाखवणार आहोत. दोर आम्ही आणला आहे. बहिणींनीही थांबावे, दुपारी तळ्याजवळ बहुतेक त्याच असतात.