मोहल्ल्यांतील वाचनालयें

मे २०१८ मध्यें औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, दंगल उसळली. दोन बळी पडले. त्यांतील एक अवघा सतरा वर्षांचा. मार्च २०२३ मध्यें किराडपुऱ्यांत तरुणांच्या बाचाबाचीचें पर्यवसान पोलिसांचीं वाहनें जळण्यांत झालें.

या दोहोंच्या दरम्यान, २०२१ सालीं, एका शाळकरी मुलीनें येथेंच मोहल्ल्यांत बालवाचनालय उघडलें. पुढें 'रीड अँड लीड फाउंडेशन'च्या साह्यानें तशीं अनेक निघालीं. उपक्रम स्तुत्य खराच. परंतु त्यानें मारामारी टळते काय, हें पुस्तकांच्या संख्येवरून कसें कळावें? पुस्तकें बालांचीं, दगड उचलतात ते बहुधा मिसरूड फुटलेले! दहाव्या वर्षीं येणारा वाचक पंधराव्या वर्षीं येईनासा कां झाला, हें पाहावयास हवें. त्यास साधी वही पुरे : नांव, वय, शेवटच्या भेटीची तारीख.